तंजावरचा मिश्र सूर

भाद्रपद आणि आश्विनाच्या सांध्यावर, गणपती, पितृपंधरवडा आणि घटस्थापना यांच्या मागेपुढे, दरवर्षी २४ सप्टेंबर येतो आणि बहुतेक मराठी घरांत कुणाच्या ध्यानात न येता मावळतो. तंजावरात मात्र सरस्वती महाल ग्रंथालय त्या दिवशी दुसऱ्या सरफोजीराजांची जयंती साजरी करते. व्यंकोजीराजांच्या गादीवर बसलेल्या या भोसले राजाचा जन्म १७७७ चा. म्हणजे २०२७ मध्ये अडीचशे वर्षे भरतील. जयंत्या-पुण्यतिथ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि हारतुऱ्यांचीही नाही. तरी या एका जयंतीपाशी आपण थोडे थांबावे, कारण तिच्यात गाण्याविषयी आणि आपल्या स्वभावाविषयी बरेच काही दडलेले आहे.

सरफोजी म्हटले की आपल्याला आठवतो तो ग्रंथसंग्रह, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास. त्यांचे संगीत मात्र आपण सहसा आठवत नाही. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला किल्ला आणि भोवतीचा थोडा मुलूख. अशा वेळी माणूस कुढत बसतो, नाहीतर गतवैभवाच्या पोवाड्यांत रमतो. या राजाने वाड्याची दारे उघडली आणि जगातले जे जे नवे कानावर येईल ते ऐकून घ्यायचे ठरवले. श्वार्ट्स नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, युरोपातली स्वरलिपी ग्रंथालयात जमा होत होती, आणि दरबारातले वराहप्पा दीक्षित पंडित व्हायोलिन आणि पियानो वाजवीत.

त्याच सुमारास कावेरीकाठच्या संगीतात एक परदेशी वाद्य मुक्कामाला आले. मद्रासेत बाळुस्वामी दीक्षितरांनी व्हायोलिन शिकून घेतले. त्यांचे थोरले बंधू मुत्तुस्वामी दीक्षितरांनी बँडच्या इंग्रजी चालींवर संस्कृत शब्द बसवले, अगदी इंग्रजांच्या राजगीताच्या चालीवरसुद्धा. सरफोजींच्या आश्रयाला असलेल्या चौघा तंजावरी बंधूंपैकी वडिवेलु यांनी हे वाद्य इतके आपलेसे केले की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. आज कर्नाटक संगीताची मैफल व्हायोलिनवाचून सुनी वाटते आणि ते परके होते हे सांगितले तर श्रोता हसतो. आपल्या पेटीची कथा तरी काय वेगळी? कीर्तनाला आणि नाट्यगीताला सावलीसारखी साथ करणाऱ्या या वाद्यावर आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे बंदी घातली होती. परंपरा म्हणून आज ज्याला आपण हात जोडतो, ते कधीतरी कुणाचे तरी धाडस असते.

पण सरफोजींचे खरे धाडस वाद्यांपेक्षा रचनेत आहे. नृत्यासाठी त्यांनी मराठीत निरूपणे लिहिली. एका निरूपणात अठरा प्रकारच्या रचना ओळीने येतात: जयजय, शरणू, अलारू अशी सुरुवात होते, मग शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना करीत शेवटी मंगळ. एरवी रचनेगणिक राग बदलायचा. इथे कथा एक, राग एक, ताल एक, आणि त्या एकाच धाग्यावर अठराही रचना ओवलेल्या. एकच गोष्ट आख्ख्या अल्बमभर सांगणारे आजचे रॉक गायक याला कन्सेप्ट अल्बम म्हणतील. म्हणोत बापडे, दोनशे वर्षे उशिरा का होईना. त्यांच्या देवेंद्र कुरवंजीत तर तमिळ लोकनाट्यातली भविष्य सांगणारी कुरवंजी मराठीत गाते, आणि गाता गाता इंद्राणीला पृथ्वीचा नवा भूगोल समजावून देते. रूप तमिळ, भाषा मराठी, माहिती युरोपातली. त्या पदांत काव्य किती आणि भूगोल किती, यावर वाद घालता येईल. पण असे काही रंगमंचावर आणण्याची उमेद वादातीत आहे.

हे एकट्याचे काम नव्हे, हेही आज मुद्दाम आठवावे. नृत्य शिकवणारे नट्टुवनार, नर्तकी, तेलुगू आणि तमिळ कवी, मराठी शास्त्रीपंडित, बँडमधले वादक अशा साऱ्यांच्या सहवासातून तो सूर जमला. पुढे तंजावरचे कृष्ण भागवतर मराठी कीर्तनकारांना ऐकून साकी, दिंडी, अभंग हरिकथेत घेऊन आले, तेव्हाही हाच सहवास कामी आला. १९७० च्या दशकात 'शक्ती' या वाद्यवृंदात जॉन मॅक्लॉफलिनच्या गिटारशेजारी एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि झाकीर हुसेन यांचा तबला बोलू लागला, तेव्हा जगाने नवल केले. तंजावरला ते फार नवे वाटायचे कारण नव्हते.

आणि आपण? कुणी तरुण अभंगाला ड्रम्स आणि गिटारची साथ देतो, की आपण लगेच संस्कृतीच्या नावाने गळा काढतो. गाणे बेसूर असेल तर अवश्य सांगावे, कान पिळावा. पण मिश्रण हाच गुन्हा मानला तर मराठी माणसाने तंजावरात काय केले याचा हिशेब आपल्याला कधीच लागणार नाही. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत बसून ही निरूपणे अभ्यासली आणि पुन्हा नाचवून दाखवली. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तिथल्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले. आपल्या लिपीतला आपला इतिहास तमिळ वाचकाने आपल्याआधी वाचावा, याचे कौतुक वाटते तितकीच लाजही वाटायला हवी.

२०२७ फार दूर नाही. महाराष्ट्रातल्या संगीत-नृत्य विद्यालयांनी एकेक निरूपण बसवायला घ्यावे, मोडी येणाऱ्यांनी सुट्टीत तंजावरची वाट धरावी, आणि उत्सव मंडळांनी एक संध्याकाळ या राजाच्या रचनांना द्यावी. बँडवाल्या पोरांनाही त्या संध्याकाळी आवर्जून बोलवावे.