सांडपाण्याची पट्टी कोणी भरावी? पाचगणीच्या उतारावरचा एक जुना प्रश्न

१/१२
पाचगणीच्या सिडनी पॉइंटवरून खाली कृष्णेचे खोरे दिसते, धोम धरणाचा जलाशय दिसतो. पर्यटक छायाचित्र टिपून परततात. वर वापरलेले पाणी मात्र उताराच्या नियमाने खालीच जाते. ते स्वच्छ करून सोडण्याचा खर्च कोणी उचलायचा? सांडपाण्याच्या करांचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

२/१२
आरंभ इंग्लंडमध्ये. १५३१ च्या कायद्याने पाण्याचे चर आणि बांध राखण्यासाठी आयुक्त नेमले गेले व त्यांना कर बसवण्याचा अधिकार मिळाला. पुढे थेम्सकाठच्या बांधाच्या दुरुस्तीचा सगळा बोजा त्यांनी एकाच जमीनमालकावर टाकला. १५९८ च्या रूक खटल्यात न्यायालयाने तो अन्याय ठरवला : पुराचा धोका ज्यांना ज्यांना आहे, त्या सर्वांनी आपापल्या प्रमाणात भरावे.

३/१२
हेच सूत्र पुढे मुंबईत वेगळ्या रूपात आले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर तो आकारला जाई. त्याला एक अटही होती : जिथे मैला उचलण्याची व्यवस्था पालिका करील, किंवा घर पालिकेच्या गटाराला जोडलेले असेल, तिथेच हा कर. म्हणजे सेवा नाही, तर पट्टी नाही.

४/१२
त्या कराच्या नावातच एक कटू सत्य दडले आहे. कर घरावर होता, नाव मात्र मैला वाहणाऱ्या माणसाचे. घरमालक टक्केवारीने पैसे भरून मोकळा होई. उरलेली किंमत जातीने त्या कामाला बांधलेला माणूस आपल्या शरीराने, आरोग्याने आणि प्रतिष्ठेने चुकती करी. कागदावरचा दर कमी असला, तरी खरा खर्च कमी होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

५/१२
भाडेमूल्यावरच्या आकारणीत आणखी एक दोष होता. मोठ्या घरात दोन माणसे आणि छोट्या घरात दहा, तरी अधिक पट्टी मोठ्या घराची. म्हणून पुढे पाण्याचे माप आले. मुंबईत मीटर असलेल्या जोडणीला मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या टक्केवारीने लागतो. हे प्रमाण पूर्वी ६० होते, नंतर ७० टक्के झाले. जितके पाणी आत, तितके मैले बाहेर, हा त्यामागचा हिशेब.

६/१२
जर्मनीने त्यापुढचे पाऊल टाकले. १९७६ च्या कायद्यानुसार १९८१ पासून तेथे नदीत सोडलेल्या दूषणाचीच मोजदाद होऊन आकार बसू लागला. भारतात १९७७ च्या जल उपकर कायद्याने उद्योगांना आणि नगरपालिकांनाही पाणीवापरावर प्रति हजार लिटर काही पैसे भरावे लागत. शुद्धीकरण करणाऱ्याला २५ टक्के सूट मिळे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर संपला.

७/१२
या पार्श्वभूमीवर पाचगणीकडे पाहावे. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, अमरळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या डोंगरमाथ्यावर हे ठिकाण वसवले. पुढे निवासी शाळा आल्या, १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर क्षयरोग आरोग्यधाम आले, मग हॉटेले. हे गाव मुळातच पाहुण्यांसाठी उभे राहिले.

८/१२
२०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे १५ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी नियोजनाचे रूढ माप आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले, तर रोजचे सुमारे १६ लाख लिटर होते. सुट्टीत तितकेच पाहुणे मुक्कामी आले, तर दुप्पट. नळ, पंप आणि शुद्धीकरण केंद्र या दुपटीसाठी बांधावे लागते; कर्ज आणि देखभाल मात्र बाराही महिने चालते.

९/१२
म्हणून केवळ घरपट्टीच्या पटीत दर ठरवणे येथे न्याय्य ठरत नाही. एरवी शांत असलेल्या घराने गर्दीच्या क्षमतेचा खर्च का भरावा? केवळ पाणीपट्टीची टक्केवारीही अपुरी, कारण टँकरचे आणि कूपनलिकेचे पाणी नळाच्या मीटरवर उमटत नाही. गटारात मात्र तेही उतरते. व्यापारी वापराच्या सर्व पाण्याची मोजणी आणि हंगामानुसार दर, हीच येथली खरी गरज आहे.

१०/१२
आक्षेप ठरलेला आहे : पर्यटन महागेल, गरीब भरडला जाईल. दुसरी भीती खरी आहे. म्हणूनच घरगुती किमान वापराला नाममात्र दर हवा आणि त्यावरच्या टप्प्यांना चढता. पहिल्या भीतीत तथ्य थोडे. एका खोलीच्या रात्रीच्या भाड्यात काही रुपयांची भर पडल्याने घाट ओस पडत नाही. झरे नासले तर मात्र पडेल. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, तो उगाच नव्हे.

११/१२
सर्वांत मोठी उणीव प्रक्रियेत आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने नवा कर बसवण्यापूर्वी ठराव, जाहीर नोटीस आणि रहिवाशांच्या हरकती हा मार्ग घालून दिला. पण हरकतीचा हक्क हद्दीतल्या रहिवाशाला. खालच्या अंगाच्या वाईला, कराडला, शेरीनाल्याने आधीच त्रासलेल्या सांगलीला त्या सुनावणीत जागा नाही. मैला उपसणाऱ्या कामगारालाही, तो हद्दीबाहेर राहत असेल, तर नाही.

१२/१२
रूक खटल्याचा धडा इथे उलटून वाचावा लागतो. ज्यांना धोका, त्यांनी भरावे, हे पुराच्या बांधापुरते योग्य होते. मैल्याच्या बाबतीत धोका खालच्यांना आणि लाभ वरच्यांना असतो. तेव्हा लाभ घेणाऱ्याने भरावे आणि धोका सोसणाऱ्याला बोलू द्यावे. पट्टीच्या पावतीवर जी रक्कम लिहिली जात नाही, ती कृष्णा लिहून ठेवते. वसुली मात्र खालच्या घाटावर होते.