गाडी खाली करण्याआधी

आमच्या 2018च्या स्विफ्टला 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावायचा हट्ट मुलाने धरला. "वळणावर गाडी झुलणार नाही, अब्बा." आम्ही हिशेब मांडला. रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची 163 मिलिमीटर, उरणार 128. त्यात पाच माणसे, ईदचे सामान आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक. मागे बसणाऱ्या अम्मीची कंबर तर त्याच्या हिशेबातच नव्हती.

गॅरेजमधल्या चाचांनी पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा उठून स्थिर व्हायला हवी. ती डुलतच राहिली. शॉकअपमधून तेल झिरपत होते. स्प्रिंग वजन पेलते, तिची उसळी शॉकअप आवरतो. थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग म्हणजे त्याच्यावर आणखी भार.

शेवटी पुढचे दोन्ही शॉकअप जोडीने बदलले, झिजलेले बुशही बदलले आणि चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. उंची कंपनीचीच ठेवली. डुलणे थांबले.

गावाहून परतताना गाडी मुलगाच चालवत होता. मागे अम्मी गाढ झोपलेली. आरशात पाहून तो हळूच म्हणाला, "राहू द्या त्या स्प्रिंगा."

वाचकहो, खर्चाआधी तुमच्याही गाडीचा कोपरा एकदा दाबून पाहा.