अम्मींचे ताट

गेल्या बकरी ईदला आम्ही दोघी जावांनी अम्मींच्या आवडीची कलेजी केली होती. पहिला घास घेताच त्यांनी ताट बाजूला सरकवले. "लोखंड चावल्यासारखं लागतंय," एवढेच म्हणाल्या. केमोथेरपी सुरू होऊन तेव्हा दीड महिना झाला होता. आम्हाला वाईट वाटले. "आजारपणात माणूस हट्टी होतो," असे आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजलोही. ते त्यांच्या कानावर गेले. मग त्या तक्रार न करता दोन-चार घास कसेबसे गिळू लागल्या आणि वजन उतरत गेले.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आमचे डोळे उघडले. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. जिभेवरच्या चवीच्या पेशीही सतत नव्याने तयार होत असतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. अन्न कडू, धातूसारखे किंवा अगदीच बेचव लागते. वासही सहन होत नाही. शाळेत मुलांना ज्ञानेंद्रिये शिकवणाऱ्या आम्ही, घरात मात्र अम्मींच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही!

मग आम्ही काही गोष्टी बदलल्या. जेवणाआधी गुळण्या सुरू केल्या: एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा. पाणी गिळायचे नाही. स्टीलऐवजी चिनी मातीची वाटी आणि लाकडी चमचा आणला. मटण थांबवले. त्याऐवजी पूर्ण उकडलेली अंडी, मुगाची डाळ, पनीर, दही-लिंबात मुरवून नीट शिजवलेले चिकन देऊ लागलो. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून ते कोमट करून वाढायचो. कांदा तळताना अम्मींना बाहेरच्या खोलीत बसवायचो. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यायचो.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. तोंडात फोड असतील तर लिंबू, चिंच, तिखट टाळावे. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ देऊ नये. त्यानंतर उलटी झाली तर त्या पदार्थावरून मन उडते. तोंडात पांढरे डाग दिसले, पाणीही गिळवेना किंवा वजन घटू लागले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. जडीबुटी किंवा ताकदीच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

उपचार संपल्यावर बहुतेकांची चव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. अम्मींना तीन महिने लागले. एका दुपारी त्या म्हणाल्या, "आज डाळीत मीठ जास्त झालंय." आम्ही एकमेकींकडे पाहिले. अल्हम्दुलिल्लाह! मीठ खरेच जास्त झाले होते.

बहिणींनो, घरच्या रुग्णाने ताट सरकवले तर रुसू नका. त्याच्याजवळ बसा आणि घास कसा लागतोय ते विचारा. जे सांगेल ते खरे माना.