हेराचे घड्याळ आणि फळ्यावरचा हिशेब

हेरपटातील नायकाचे घड्याळ वेळ सोडून बाकी सर्व कामे करते. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) मध्ये जेम्स बाँडच्या घड्याळातून संदेश छापलेली पट्टी बाहेर येते. ‘ऑक्टोपसी’ (१९८३) चे काही चित्रण आपल्या उदयपूरला झाले. त्यात घड्याळाच्या तबकडीवर दूरचित्र दिसते. ‘गोल्डन आय’ (१९९५) मध्ये तर घड्याळातील लेसर किरणाने बाँड आगगाडीची पोलादी जमीन कापतो.

“सगळ्या थापा आहेत,” असे म्हणून आपण शिक्षक मोकळे होतो. मला हे योग्य वाटत नाही. या तिन्ही थापा एका जातीच्या नाहीत, आणि त्यांतील फरक ओळखणे हेच विज्ञानशिक्षण होय.

हिशेब करून पाहू. घड्याळातील बटणाएवढ्या घटाचे विभवांतर १.५५ व्होल्ट आणि क्षमता ४० मिलिअँपिअर-तास धरा. १.५५ × ०.०४ × ३६०० म्हणजे सुमारे २२० ज्यूल ऊर्जा झाली. एवढ्या उष्णतेने चमचाभर पाणी जेमतेम १० अंशांनी तापेल!

आता ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात माणूस जाईल एवढे भोक पाडायचे आहे. परीघ २ मीटर आणि चीर १ मिलिमीटर रुंद धरली, तरी सुमारे ८० ग्रॅम पोलाद वितळवावे लागेल. त्याला लाखभर ज्यूल हवेत. म्हणजे असे साडेचारशे घट!

उलट, तोच एक घट सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक दोन वर्षे सहज चालवतो. निरोप देण्याघेण्यास ऊर्जा थोडी लागते, पोलाद कापण्यास फार. म्हणूनच निरोप आणि चित्रे दाखवणारी घड्याळे आज आपल्याकडेही मनगटांवर दिसतात. कापणारे घड्याळ मात्र पडद्यावरच राहिले.

या हिशेबाला प्रयोगशाळा लागत नाही. महाडच्या वा पोलादपूरच्या कोणत्याही शाळेत फळा आणि खडू पुरे. ‘ऊर्जा किती लागेल आणि ती येणार कोठून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला उद्या पाण्यावर चालणारी मोटार दाखवून कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही. तेव्हा गुरुजनहो, बाँडला वर्गाबाहेर घालवू नका, फळ्यापाशी बोलवा.