दोन कार्डं, एक खोकं आणि काचेचा सोस

"दोन ग्राफिक्स कार्डं हवेवर थंड होतच नाहीत, त्याला पाणीच लागतं." हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी इतक्या आत्मविश्वासाने ऐकवलंय की आता त्याचा पंचनामा करणं भाग आहे. शनिवार आहे, चहा झालाय. तर मंडळी, घ्या.

आधी एक गोष्ट. नुसत्या गेमसाठी दोन कार्डं घ्यायचे दिवस संपले. एनव्हिडियाने २००४ साली एसएलआय आणलं, एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर, आणि माझ्यासारख्यांनी त्या जोडगोळीचे फोटो बघून बरीच लाळ गाळली. पण १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल्स देणं एनव्हिडियाने थांबवलं आणि २०२२ च्या ४०९० वर तर दोन कार्डं जोडायची सोयच नाही. आज घरच्या गेमिंग पीसीत दोन कार्डं लावणारा माणूस गेम एकावरच खेळतो. दुसरं असतं ते ब्लेंडरसाठी, नाहीतर घरच्या घरी भाषेची मॉडेल्स चालवण्यासाठी. दोन वापरलेली ३०९० घेतली की २४ आणि २४ मिळून ४८ जीबी मेमरी होते. हिशोब चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. माझ्या एका सहकाऱ्याने असं मशीन एका दुकानातून जुळवून घेतलं. समोर अखंड काच, बाजूला काच, आत इंद्रधनुष्य. प्रोसेसरला ३६० मिमीचा पाण्याचा रेडिएटर, तो पुढच्या बाजूला, म्हणजे प्रोसेसरवरून तापलेली हवा थेट कार्डांवर. आणि दोन्ही कार्डं एकमेकांना चिकटून, मधून पोस्टकार्ड जाईल एवढीच फट. ब्लेंडरचं रेंडर लावलं की दहा मिनिटांत वरच्या कार्डाची मेमरी ११० अंशांवर. ह्या मेमरीला तिथे ब्रेकच लागतो, कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. दुकानदाराचं उत्तर काय? "सर, ह्याला कस्टम लूपच करावा लागेल." वर लाखाच्या पुढचं कोटेशन! म्हणजे रोगही ह्यांनीच द्यायचा आणि औषधही ह्यांनीच विकायचं.

अहो, पाणी उष्णता खात नाही. ते फक्त ती उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे शेवटी पंखा आणि हवाच असते. खोक्यात हवा शिरायला जागा नसेल तर पाणीसुद्धा काय करणार, कप्पाळ?

आता आकडे बघू. ३०९० चं अधिकृत रेटिंग ३५० वॅट. दोन कार्डं ७००, प्रोसेसर वगैरे धरून सगळे मिळून ९०० धरा. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा १० अंशांनीच गरम असावी असं वाटत असेल तर सेकंदाला साधारण ७५ लिटर हवा लागते, म्हणजे १६० सीएफएमच्या आसपास. शाळेतली विशिष्ट उष्णता, बाकी काही नाही. १२० मिमीच्या बऱ्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम लिहिलेलं असतं. कागदावर तीन पंखे झाले! पण तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे काच आणि कडेला बोटभर फट ठेवली की त्यातलं बरंच काही गळून जातं. जाळीचा दर्शनी भाग, त्यामागे १४० चे तीन पंखे, मागे एक आणि वर दोन पंखे बाहेर फेकणारे, एवढ्यात काम होतं. ह्यात रॉकेट सायन्स नाही आणि म्हणूनच बहुतेक विकणाऱ्यांना त्यात रस नाही.

पण खरी मेख दोन कार्डांमधल्या अंतरात आहे आणि ह्याबद्दल कोणी बोलत नाही. मदरबोर्डवरचा एक स्लॉट म्हणजे जेमतेम २० मिमी. तीन स्लॉट जाडीचं कार्ड तीन स्लॉट अंतरावर लावलं की मधे उरतं शून्य. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीवर नाक टेकवून श्वास घेणार. त्यात ३०९० ची निम्मी मेमरी पाठीवरच असते, म्हणजे खालच्याची तापलेली पाठ आणि वरच्याचं नाक, अशी गाठ! शिवाय आजकालच्या बऱ्याच कार्डांत हवा आरपार वर जाते. एकट्या कार्डाला हे झकास, जोडीत मात्र खालच्याची वाफ वरच्याच्या तोंडावर. एनव्हिडियाने ३०९० साठी जोडपट्टी विकली ती चार स्लॉट अंतराची, ती उगाच नव्हे. तेव्हा मदरबोर्ड घेताना दिवे नका मोजू, स्लॉट मोजा. तेवढं अंतर मिळतच नसेल तर मागून हवा फेकणारी दोन स्लॉटची ब्लोअर कार्डं बघा. आवाज मिक्सरसारखा येतो, पण उष्णता खोक्याबाहेर जाते.

सहकाऱ्याच्या मशीनचं आम्ही काय केलं? पुढची काच काढली, रेडिएटर छताला नेला, दुसरं कार्ड सर्वात खालच्या स्लॉटमध्ये सरकवलं (त्या स्लॉटला लेन कमी मिळतात, त्याच्या रेंडरला फरक पडला नाही). आणि 'एनव्हिडिया-एसएमआय'मधून दोन्ही कार्डांना २८० वॅटची मर्यादा घातली. ही शेवटची गोष्ट तर फुकट आहे. वॅट एक पंचमांश घटले की वेग तितका घटत नाही, कारण वरचे काही मेगाहर्ट्झ मिळवायला कार्ड अवाच्या सवा वीज पितं. वरची मेमरी आता नव्वदीत असते. खर्च दोन पंख्यांचा.

"पण दिसायला कसं दिसतं ते!" असं त्याची बायको म्हणाली. बरोबर आहे, जाळी काचेसारखी चमकत नाही. पुण्यात रस्ते खोदायचं काम बारमाही असल्याने ती दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडावीही लागते. आणि हो, हवा असो की पाणी, ते ९०० वॅट शेवटी तुमच्या बेडरूममध्येच येणार. एक टनाच्या एसीची पाव ताकद त्यातच जाते, मे महिन्यात रेंडर लावताना दार उघडं ठेवा :)