व्याज हराम, मग उसना बॅलन्स हलाल कसा?

अंबड एमआयडीसीत पाळी सुटली की गरवारे पॉइंटपासून दत्तनगर, चुंचाळ्यापर्यंत जी गर्दी वाहते, तिच्या बोलण्यात हल्ली एक नवा विषय असतो. पोराला यूकेला पाठवायचंय. पोरीसाठी जर्मनीचं बघतोय. एक पिढी मागे याच घरांत पासपोर्ट काढला जायचा तो दुबई-सौदीच्या नोकरीसाठी. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर. आज त्याच वेल्डरची मुलं डिप्लोमा, इंजिनिअरिंग, फार्मसी करून मास्टर्ससाठी बाहेर जायचं म्हणतात. याचा आनंद न होणारा माणूस कोत्या मनाचाच म्हणायचा.

माझा वाद त्या स्वप्नाशी नाही. ते पुरं करायला जी व्हिसाची फाइल तयार होते, तिच्याशी आहे.

फाइल कशी तयार होते ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी लिहीत नाही. एजंट सांगतो, खात्यात अमुक लाख दिसले पाहिजेत. घरात तेवढे नसतात. बाप म्हणतो, बँकेचं शैक्षणिक कर्ज घेऊ का? घरातले मोठे म्हणतात, तौबा करा, सूद आहे ते. मग एजंट दुसरी वाट दाखवतो. तिला धंद्यात ‘फंड शो’ म्हणतात. कोणीतरी पैसेवाला महिनाभरासाठी तुमच्या खात्यात रक्कम टाकतो, स्टेटमेंट निघतं, व्हिसाचा अर्ज जातो, रक्कम परत जाते. मधल्या काळाचा ‘चार्ज’ शेकड्यावर ठरतो. आणि ज्या घराने बँकेचं व्याज हराम म्हणून नाकारलं, तेच घर हा चार्ज बिनतक्रार मोजतं.

मला इथे थांबून विचारायचं आहे. उसन्या पैशावर मुदतीनुसार, शेकड्याच्या हिशेबाने दिलेल्या रकमेला तुम्ही काय नाव देता? बँकेने घेतलं तर सूद, आणि एजंटने घेतलं तर सर्व्हिस चार्ज? बँकेच्या कर्जात निदान सगळं कागदावर खरं असतं. इथे व्याज तर आहेच, वर खोटंही आहे. ‘हे पैसे आमचे आहेत’ असं बाप सहीनिशी सांगतो, आणि ते त्याचे नसतात. आपल्या दीनमध्ये खोट्या साक्षीला मोठ्या गुनाहांत गणलं आहे, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. व्हिसाचा अर्ज ही साक्षच आहे. परक्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर दिली म्हणून ती हलकी होत नाही.

व्याजाबद्दल ज्याचा अकीदा पक्का आहे, त्याचा मला आदर आहे. शैक्षणिक कर्जाच्या प्रश्नावर उलेमांमध्येही एकवाक्यता नाही. कोणी मजबुरीत वाव देतं, कोणी देत नाही. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारावं. पण एकदा विचारलं की पूर्ण विचारावं. बँकेच्या कर्जाबद्दल फतवा मागायचा आणि फंड शोबद्दल गप्प बसायचं, ही दीनदारी नव्हे, सोय आहे.

बरं, सोय म्हणून तरी ही वाट धड आहे का? ब्रिटनच्या नियमात रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, आणि खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं लागतं. मामाचं, मोठ्या भावाचं चालत नाही. म्हणूनच तर बापाच्या खात्यात अचानक लाखो रुपये उगवतात. आठ-दहा हजारांच्या वर कधी न गेलेलं खातं एका दिवसात फुगतं, ते तपासणाऱ्याला दिसत नाही असं वाटतं का? ते बँकेकडे चौकशी करू शकतात, करतात. गंमत अशी की बँकेच्या मंजूर शैक्षणिक कर्जाला ही 28 दिवसांची अट लागूच नाही. कर्जमंजुरीचं पत्र पुरतं. म्हणजे खरा कागद सोपा आणि खोटा कागद अवघड, तरी आपण खोट्याच्या मागे.

आणि पकडलं गेलं तर? फसवणूक सिद्ध झाली की ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं. कॅनडा पाच वर्षं. ऑस्ट्रेलिया तीन. अमेरिकेच्या कायद्यात तर खोटी माहिती देऊन व्हिसा मागणारा कायमचा अपात्र ठरू शकतो. एजंट उद्या दुसऱ्या चौकात दुसरी पाटी लावेल. नोंद राहते ती मुलाच्या पासपोर्टवर, त्याच्या नावावर. 2023 मध्ये कॅनडात पंजाबचे शेकडो विद्यार्थी अडकले ते आठवा. कॉलेजची प्रवेशपत्रंच बनावट निघाली. अनेक मुलांना ते तिथे वर्षानुवर्षं राहून, शिकून झाल्यावर कळलं, आणि हद्दपारीच्या नोटिसा आल्या त्या त्यांच्याच दारात. प्रवेशपत्रं बनवणारा वेगळाच होता.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला बोलायला काय जातं, भंगारवाल्याने खरं दाखवायचं तर काय दाखवायचं? प्रश्न रास्त आहे आणि गाठ इथेच आहे.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार आठवा. महापालिकेने 2017 मध्ये तो हटवला. त्या दुकानांतून घरं चालली, शाळेच्या फिया भरल्या गेल्या, लग्नं झाली. पण सगळं रोखीत. खरेदी रोख, विक्री रोख, मजुरी रोख. कमाई खरी होती. कागदावर मात्र तो माणूस कफल्लक. गॅरेजवाला, बिर्याणीवाला, फर्निचरवाला, लेबर कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांची हीच कथा. व्हिसा अधिकारी तुमची मेहनत बघू शकत नाही, तो आयकराचं विवरणपत्र बघतो. ते नसतं, म्हणून एजंट ‘बनवून’ देतो.

आणि विवरणपत्र का नसतं? ‘टॅक्स लागेल’ या भीतीने. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो. छोट्या व्यावसायिकाला हिशेबाच्या मोठ्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर उत्पन्न दाखवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. अंबडमधल्या बहुतेक दुकानदारांना एक रुपया कर न भरता स्वच्छ कागद उभा करता आला असता. त्यासाठी सुरुवात पोरगा नववी-दहावीत असताना करावी लागते. व्हिसाच्या महिन्यात तीन वर्षांची विवरणपत्रं एकदम भरली की त्यांचा वास लांबून येतो.

नावाचंही तसंच. ‘शेख’ एका कागदावर एस-एच-ए-आय-के-एच, दुसऱ्यावर एस-एच-ई-आय-के-एच, तिसऱ्यावर नुसतं एस-के. आधारवर ‘मोहम्मद’ पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर ‘मो.’, जन्मदाखल्यावर नाहीच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग बापाचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आईचं नाव कुठे ‘बी’ लावून, कुठे ‘बानो’, कुठे माहेरचं. हिंदू घरांतही असे घोळ असतात, पण मधुकर आणि मधुकरराव यांच्यातला फरक अधिकारी हसून सोडतो. आपल्याकडचा फरक संशयाचा विषय होतो. ते अन्यायाचं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्यावरचा इलाज आपल्या हातात आहे: प्रतिज्ञापत्र, शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद, आणि मग एकेक कागद सरळ करणं. वेळ लागतो. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. धावपळ होते ती ऐनवेळी, जेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून व्हिसा केंद्रावर उभं राहिल्यावर खिडकीतून विचारणा होते की या दोन कागदांवरचा माणूस एकच कशावरून.

सरकारला मी सोडत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना होती. वार्षिक 6 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातला मुलगा मास्टर्स किंवा पीएचडीला बाहेर गेला, तर शिक्षणाच्या काळातलं कर्जाचं व्याज सरकार भरायचं. म्हणजे ज्या व्याजाला आपण अडतो, नेमका त्याच्यावरचा उतारा. 2022-23 पासून ती बंद झाली. त्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं लोकसभेत सांगण्यात आलं. कारण काय, तर इतर योजनांशी ती सारखीच पडते. अल्पसंख्याकांच्या शिक्षणाचं नाव घेत घेत एकेक खिडकी मिटवली गेली. महाराष्ट्र शासनाने नंतर परदेशी शिक्षणासाठी अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणली, जागा 27. अख्ख्या राज्यात, सगळ्या अल्पसंख्याक समाजांत मिळून. यावर मोर्चे निघायला हवे होते. निघाले नाहीत, कारण ‘पढो परदेश’ बंद झाली हे कळण्याआधी ती होती हेच आपल्यातल्या अनेकांना माहीत नव्हतं.

जे माहीत नाही त्यात आणखी एक. अंबड-सातपूरमधल्या कितीतरी वर्कशॉपांत महिंद्राच्या गाड्यांचे सुटे भाग बनतात, सातपूरला कंपनीचा कारखानाच आहे. त्या महिंद्रांचा के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट 1956 पासून परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना कर्ज देतो. बिनव्याजी. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचं कर्जही बिनव्याजी. जात-धर्म विचारला जात नाही, गुण आणि मुलाखत बघतात. मिळणं सोपं नाही, सगळा खर्चही त्यातून भागत नाही, हे कबूल. पण ‘सूद नको’ म्हणणाऱ्या कौमच्या किती मुलांनी हे अर्ज भरले? जो बाप त्या गाड्यांच्या पार्टला लेथवर आकार देतो, त्याच्या पोरापर्यंत ही बातमी पोहोचत नाही आणि फंड शोवाल्याचं कार्ड पोहोचतं.

ज्यांच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, अशा बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन घरांतल्या मुलांना राज्याची ओबीसींसाठीची परदेशी शिष्यवृत्तीही खुली आहे. 1994 च्या शासन निर्णयाने मुस्लिम ओबीसींना दाखल्यांची वाट सोपी झाली, त्यामागे कार्यकर्त्यांची मोठी झटापट होती. तरी ‘इस्लाममध्ये जात नसते’ असं सांगून दाखला न काढणारे बाप मी पाहिले आहेत. लग्न जुळवताना मात्र बिरादरी विचारतात. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांकडे 1967 पूर्वीचा इथला पुरावा नसतो, त्यांची गोष्ट वेगळी. पण खानदेश-मराठवाड्यातून आलेल्यांचं काय?

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही किंवा नाममात्र आहे. त्यांना हवं असतं ते एका बंद खात्यात वर्षाच्या राहणी-खर्चाचे 11,904 युरो, 12 लाख रुपयांच्या आसपास. हे पैसे कोणी खात नाही. महिन्याला 992 युरो या हिशेबाने ते मुलालाच परत मिळतात. इथे फंड शो चालत नाही, कारण पैसे खरोखर तिकडे जाऊन बसतात. भारतीय मुलांच्या पदव्यांची आधी एपीएस नावाची पडताळणीही होते, 2022 च्या नोव्हेंबरपासून ती सक्तीची आहे. म्हणून आपल्याकडचे अनेक एजंट जर्मनीचं नाव काढत नाहीत. तिथल्या सरकारी विद्यापीठांकडून त्यांना कमिशनही नसतं. ते अशा कॉलेजांकडे ढकलतात जिथे फी मोठी आणि त्यातला वाटा त्यांना.

12 लाख ही रक्कम एका घरासाठी डोंगर आहे. एका जमातीसाठी? आपल्या हॉलमध्ये एका वलीम्यावर किती उडतात, त्याचा आकडा मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला ठाऊक आहे. 1860 मध्ये मुंबईच्या एका व्यापारी बापाने बद्रुद्दीन तय्यबजींना विलायतेला पाठवलं, ते 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली तेव्हा संस्थापकांत होते. बाबासाहेबांच्या पाठीशी 1913 मध्ये बडोदा संस्थान उभं होतं. अतिया फैजी 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. पोरीला एकटीला कसं पाठवायचं म्हणणाऱ्यांनी हे साल दोनदा वाचावं. प्रत्येकामागे कोणीतरी होतं. अंबडच्या फिटरच्या मुलीमागे कोण आहे? आज तरी एजंट.

इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेने 1980 च्या दशकात बिगरसदस्य देशांतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी एक पद्धत आणली. शिक्षणाला बिनव्याजी कर्ज, कर्ज-ए-हसना. नोकरी लागल्यावर मुलाने ते स्थानिक ट्रस्टला फेडायचं, आणि त्या पैशातून पुढचा विद्यार्थी. ती होती मुख्यतः आपल्याच देशातल्या शिक्षणासाठी, पण रीत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. मशिदीची कमिटी वजूखान्याच्या टाइल्ससाठी दोन जुमे चादर फिरवून पैसे उभे करते. त्याच कमिटीने एक खातं उघडावं, पक्की पावती द्यावी, दरसाल एका मुलाला किंवा मुलीला बिनव्याजी रक्कम द्यावी आणि परतफेडीचा हिशेब जुम्याच्या नमाजनंतर फलकावर लावावा. जकातीचा पैसा कुठे चालतो, कुठे नाही, ते आलिमांनी सांगावं. सदका आणि लिल्लाह तर आहेच. आणि त्याच फलकावर, जनाजा-निकाहच्या सूचनांशेजारी, महिंद्रा ट्रस्टच्या आणि शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या तारखाही चिकटवाव्यात. या वर्षीचे अर्ज निघाले की नाहीत हे बघायला एका मोबाइलवाल्या पोराची पंधरा मिनिटं लागतात.