पैसे भरूनही थांबावयाचे?

२०२५ सालच्या मे महिन्यात आमचे एक जुने विद्यार्थी सांगलीस आमच्या घरी आले होते. गृहस्थ तासगावाकडील सधन बागाईतदार. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी बागेचा एक तुकडा विकला. रिझर्व्ह बँक एका माणसास एका वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर नेऊ देते, म्हणून पतिपत्नी दोघांच्या नावे मिळून पाच लाख डॉलर अमेरिकेत गुंतविले, आणि तेथे कायम राहण्याचा परवाना मागितला. अर्जाच्या तपासणीतच पाच वर्षांवर काळ गेला. तो मंजूर होतो न होतो, तोच भारतीयांच्या रांगेची तारीख, जी वर्षारंभी १ जानेवारी २०२२ होती, ती मागे सरकत १ मे २०१९ वर आली, आणि त्यांचा क्रमांक बाहेर राहिला. "सर, पैसे भरूनही थांबावयाचे? हा कोठला न्याय?" असा त्यांचा आम्हांस प्रश्न होता. सुशिक्षित घरांतून हा प्रश्न हल्ली मोठ्या सहानुभूतीने ऐकला जातो. म्हणून त्याचा जाहीर विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

तक्रारीत तथ्य नाही असे नाही. जो परदेशी मनुष्य ठराविक भांडवल घालून तेथील १० माणसांस काम देईल, त्यास कुटुंबासह राहू देण्याची सोय अमेरिकेने १९९० च्या कायद्याने केली. असे परवाने वर्षास सुमारे १०,०००; बायकामुलेही त्यांतच मोजावयाची. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस सामान्यतः शेकडा ७ हून अधिक जागा मिळावयाच्या नाहीत, मग तो देश १४० कोटींचा असो की एखादे चिमुकले बेट असो. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारा हा नियम आम्हांस मुळीच मान्य नाही. तथापि तो प्रकार नवाही नाही. १९४६ च्या कायद्याने तर त्या देशाने सबंध हिंदुस्थानास वर्षाकाठी १०० जागा देऊ केल्या होत्या!

परंतु आमचा उलट प्रश्न असा आहे. हाच शेकडा सातांचा नियम विद्येच्या बळावर, नोकरीच्या वाटेने गेलेल्या अभियंत्यांसही लागू आहे. ज्या महिन्यात आमचे स्नेही संतापले, त्याच महिन्यात या अभियंत्यांची रांग २०१३ सालच्या तारखांशी अडलेली होती. तेव्हा हा नियम अन्यायाचा आहे, हे आमच्या स्नेह्यांस पूर्वी कधीच कसे सुचले नाही? किंबहुना त्या रांगेस वळसा घालण्याकरिताच त्यांनी पैसे मोजले. विद्येची रांग लांब म्हणून द्रव्याची रांग धरावी, आणि तीही लांबली की न्यायाच्या नावाने ओरड करावी, यास न्यायप्रीती कसे म्हणावे? हा तर फसलेल्या गिऱ्हाइकाचा संताप होय. सर्वांच्या वतीने जो बोलेल, त्याच्या मागे आम्ही उभे राहू. केवळ आपली पावती दाखविणाऱ्याच्या मागे नाही.

हरिपूर आमच्या गावास लागूनच आहे. तेथल्या देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेली 'शारदा' वाचकांच्या परिचयाची असेलच. भुजंगनाथाने पैसे मोजले, मांडव पडला, आणि ऐन वेळी सगोत्रतेने घात केला. तेथे गोत्र आडवे आले, येथे जन्मदेश आडवा आला. भुजंगनाथाकरिता कोणी प्रेक्षक हळहळला नाही. सर्वांचा जीव तुटला तो मुलीसाठी. आमचेही तसेच झाले आहे.

कारण या गृहस्थांस एक कन्या आहे. अर्जाच्या वेळी ती १९ वर्षांची होती, त्या भेटीच्या वेळी २५ वर्षांची होती. बापाबरोबर जावयाचे, तर कायद्याच्या हिशेबाने तिचे वय २१ च्या आत असले पाहिजे आणि ती अविवाहित असली पाहिजे. तपासणीत गेलेली वर्षे वयातून वजा होतात. रांगेत गेलेली होत नाहीत. म्हणून चांगले स्थळ आले ते परत पाठविले. पुण्यास नोकरी मिळाली तीही, "आता जावयाचेच आहे," म्हणून घेऊ दिली नाही. पंचविशीची शहाणी मुलगी कागदावर बालक राहावी याकरिता एका घराची ही धडपड! कांचनभटास द्रव्याचा लोभ होता. येथे बापाची माया आहे, हे आम्ही जाणतो. परंतु दोन्हीकडे मुलीस कोणी विचारलेले नाही.

देश सोडणे हेच पाप, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. आमच्याच जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून उठून गलाईवाले सोनेचांदी आटविण्याची कला घेऊन हिंदुस्थानभर पसरले, आणि त्यांनी गावाकडची घरे उभी केली. पण ते जेथे गेले तेथे पहिल्या दिवसापासून मुशीपुढे बसून जगू लागले. जाण्याच्या आशेवर येथील जगणेच तहकूब ठेवण्याची रीत त्यांस ठाऊक नव्हती.

रांगेची तारीख पुढे सरकते, मागेही सरकते. तिच्यावर आमचा किंवा आमच्या स्नेह्यांचा काहीच अधिकार नाही. मुलीच्या आयुष्याची तारीख मात्र एकाच दिशेने सरकते. म्हणून आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले: पैसे भरूनही थांबावयाचे? होय, थांबावयाचे. परंतु तुम्ही थांबा. मुलीस थांबवू नका.